फटफट्यांची दिंडी

दिवाळी अंकातल्या टीकालेखाकडे घरातली माणसे सहसा फिरकत नाहीत. कथा झाल्या, व्यंगचित्रे झाली, वार्षिक राशिभविष्यात आपली रास शोधून झाली, चिवड्याचा डबा तळाला गेला, म्हणजे मग कोणीतरी नाइलाजाने ते पान उघडतो. मी आयुष्यभर असले लेख लिहीत आलो आहे, त्यामुळे याबद्दल माझी तक्रार नाही. पण यंदाचा विषय कळला तर घरातली तरुण मंडळीही कदाचित डोकावतील. विषय आहे फटफटी. आज तिला सगळे बाइक म्हणतात. आमच्या लहानपणी आळीत एखादीच असायची, आणि ती दिसण्याआधी ऐकू यायची, म्हणून तिचे नाव फटफटी.

एकट्या फटफटीवर मला लिहायचे नाही. वीस-पंचवीस, कुठे कुठे शेकडो मोटारसायकली एकत्र निघतात, वर्षातून एकदा शनिवार-रविवार गाठून डोंगरदऱ्यांतून रांगेने जातात, एक मुक्काम करतात आणि परत येतात. हा प्रकार जगभर चालतो. त्याकडे कथेने, चित्रपटाने, प्रवासवर्णनाने कसे पाहिले, हा माझा प्रश्न आहे. “फटफटीवर टीकालेख? मग पुढच्या वर्षी मिक्सरवर लिहा,” असे आमच्या घरातूनच ऐकवले गेले. ऐकवणारीला उत्तर देण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. या विषयाशी माझा एक जुना हिशेब आहे आणि तो लिहूनच चुकता होईल अशी माझी समजूत आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते. तिथे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोटारसायकलवाल्यांच्या सामुदायिक सहलींना ‘जिप्सी टूर’ असे नाव पडले. तंबू, अंथरूण-पांघरूण आणि खाण्याचे सामान बांधून घ्यायचे, गावोगावच्या क्लबांनी एका ठिकाणी जमायचे, शर्यती पाहायच्या, खेळ खेळायचे. न्यू हॅम्पशायरमधल्या लकोनियाला असे जमणे 1916 पासून चालू आहे. साउथ डकोटातल्या स्टर्जिसचा मेळावा 1938 चा. चांगल्यातला चांगला गणवेष करून येणाऱ्या क्लबाला बक्षीस मिळे! 1940 मध्ये स्थापन झालेल्या ‘मोटर मेड्स’ या बायकांच्या क्लबाच्या सभासद तर हातांत पांढरेशुभ्र मोजे घालून मिरवत. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा. आपल्याकडच्या शाळेच्या स्नेहसंमेलनापेक्षा फार वेगळे नाही ते.

मग 1947 साल आले. कॅलिफोर्नियातले हॉलिस्टर हे तेव्हा साडेचार हजार वस्तीचे शेतकरी गाव होते. युद्धापूर्वी तिथे जिप्सी टूर होत असे. युद्धात खंड पडला होता. त्या वर्षी 4 जुलैच्या सुट्टीला ती पुन्हा भरवली आणि अपेक्षेबाहेर माणसे आली. चार हजारांच्या आसपास होती म्हणतात. गावात पोलीस सात. युद्धावरून परतलेली तरुण पोरे, हाताशी स्वस्त मोटारसायकल, गळ्याखाली बिअर. मुख्य रस्त्यावरच शर्यती लागल्या, बाटल्या फुटल्या, माणसे पडली. पन्नासएक जणांना अटक झाली, साठएक जखमी झाले, आणि ते बहुतेक आपल्याच गाड्यांवरून पडलेले होते. मेले कोणी नाही. दंगा झाला हे खरे, पण मोठ्या जत्रेत दारू शिरली म्हणजे जे होते त्याच जातीचा तो होता.

त्याच महिन्यात ‘लाइफ’ साप्ताहिकाने पानभर छायाचित्र छापले: मोटारसायकलवर रेललेला एक धिप्पाड तरुण, दोन्ही हातांत बाटल्या, चाकाखाली बाटल्यांचा खच. खाली दोन-चार ओळी, गावावर दहशत बसवल्याच्या. त्या वेळी तिथे हजर असलेल्या एका गावकऱ्याने पुढे सांगितले, की बाटल्या तिथे गोळा करून मांडल्या गेल्या आणि मग छायाचित्र काढले गेले. खरेखोटे काय असेल ते असो. एका छायाचित्रापुढे तीस वर्षांचे गणवेष आणि पांढरे मोजे पुसले गेले एवढे मात्र नक्की. माझ्या दृष्टीने हा साहित्याचा प्रश्न इथून सुरू होतो. अनेकांच्या एका अनुभवाला एकच चेहरा चिकटवला, की पुढची प्रत्येक कलाकृती त्या चेहऱ्याशीच बोलत राहते.

1951 च्या जानेवारीत ‘हार्पर्स’ मासिकात फ्रँक रूनी या लेखकाची ‘सायक्लिस्ट्स रेड’ ही कथा आली. ‘फटफटीवाल्यांची धाड’ म्हणू आपण. तिचा नायक एका लहान गावातला हॉटेलमालक. लष्करातून निवृत्त झालेला, विधुर, एक वयात आलेली मुलगी. दिवाणखान्यातले जुने घड्याळ लावत असताना त्याला आवाज ऐकू येतो, आणि आधी त्याला वाटते, विमान असेल. विमान नसते. शिस्तीत, फौजेसारखी रांग धरून मोटारसायकली गावात शिरतात. सर्वांच्या डोळ्यांवर मोठे वाऱ्याचे चष्मे. चष्म्यांमुळे सगळे एकसारखे दिसतात आणि आत आल्यावरही बहुतेक जण ते काढत नाहीत. रात्री दारू चढते, शिस्त सुटते, आणि त्या धिंगाण्यात मालकाची मुलगी एका मोटारसायकलखाली सापडून मरते.

इथपर्यंत ही गोष्ट कोणीही लिहिली असती. रूनीचे मोठेपण पुढे आहे. त्या टोळीत एक मुलगा असतो, चष्मा न लावणारा, न पिणारा. दुर्घटनेनंतर तो परत येतो, दुःख व्यक्त करायला. आणि गावकरी त्यालाच धरतात. त्यालाच मारतात. मारणाऱ्यांत मुलीचा बापही असतो. ज्याने चष्मा काढला, ज्याचा चेहरा दिसला, तोच नेमका हाताला लागला! मी ही कथा पंचवीस-तीस वर्षांत चार वेळा तरी वाचली असेल. प्रत्येक वेळी त्या बापाची कीव येते आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडे पाहवत नाही.

दोष दाखवायचा तर एकच, पण तो मोठा आहे. कथा सुरू होते तीच गावात. ही माणसे रस्त्यावर कशी होती, दिवसभर त्यांनी काय पाहिले, एकमेकांशी ती कशी वागली, रांग धरण्यात त्यांना काय सुख होते, याबद्दल रूनी एक अक्षर लिहीत नाही. हॉटेलच्या खिडकीतून जेवढे दिसते तेवढेच त्याला दिसते. त्याच्या कथेची ती गरजच आहे, हे मी मान्य करतो. पण त्यामुळे घडले असे, की या विषयावरची पहिली चांगली कथा खिडकीतून लिहिली गेली आणि पुढची सगळी मंडळी त्याच खिडकीत येऊन उभी राहिली.

त्या कथेवरून स्टॅन्ली क्रेमर या निर्मात्याने ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट काढला, 1953 साली. दिग्दर्शक लास्लो बेनेडेक, नायक मार्लन ब्रँडो. इंग्लंडच्या परीक्षण मंडळाला तो इतका घातक वाटला, की 1967 पर्यंत त्यांनी त्याला प्रमाणपत्रच दिले नाही. आज पाहिला तर हसू येते. पण पहिले दृश्य अजूनही अंगावर येते: जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा, मोकळा सरळ रस्ता, दूरवर काही ठिपके, ते मोठे होत येतात आणि कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंनी गर्जत निघून जातात. पुढच्याच दृश्यात ब्रँडो मोटारसायकलवर बसलेला दिसतो आणि मागे पडद्यावर रस्ता पळतो आहे. वारा नाही, धूळ नाही, डोळ्यांत पाणी नाही. स्टुडिओतली फटफटी! चित्रपटाची सारी गंमत आणि सारी लबाडी या दोन दृश्यांत आहे. ही टोळी कुठून कुठे चालली आहे, का चालली आहे, याच्याशी चित्रपटाला काही देणेघेणे नाही. कथेतला चष्मे लावलेला बिनचेहऱ्याचा समुदाय इथे पार्श्वभूमीला जातो आणि एका देखण्या, रुसक्या नटाचा चेहरा पडदाभर होतो. निरपराध माणसाला जमावाने मारण्याचा धागा चित्रपटात आहे, पण आता तो निरपराध म्हणजे खुद्द नायक, त्यामुळे आपल्याला कोणत्याही बाजूला लाज वाटण्याचे कारण उरत नाही. रूनीच्या कथेत जो काटा होता तो काढून टाकला आणि कातडी जाकीट तेवढे ठेवले.

आता माझा हिशेब सांगतो. हा चित्रपट मी पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळात 1972 साली पाहिला. तेव्हा मी वरची टीका केली नव्हती. मी भारावलो होतो, आणि थोडा घाबरलोही होतो. पुढे 1998 साली माझ्या मुलाने शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून एक जुनी येझदी घेतली. म्हैसूरचा तो कारखाना दोनच वर्षांपूर्वी बंद पडला होता. ज्या दांड्याने किक मारायची त्याच दांड्याने गिअर टाकायचे अशी ती विचित्र गाडी. पावसाळा संपल्यावर त्याच्या ओळखीच्या येझदी-जावावाल्यांची वार्षिक सहल कोकणात निघायची होती. मी नाही म्हणालो. नुसते नाही म्हणालो असतो तर बाप म्हणून चालले असते. मी प्राध्यापक. मी त्याला व्याख्यान दिले. झुंडीचे मानसशास्त्र सांगितले, हॉलिस्टर सांगितले, या चित्रपटाची गोष्ट सांगितली, माणूस टोळीत शिरला म्हणजे त्याचा चेहरा जातो असे एक वाक्यही त्याच्या तोंडावर फेकले. तो एकवीस वर्षांचा होता. त्याने वाद घातला नाही. दोन महिन्यांनी गाडी विकून टाकली आणि पैसे आईजवळ दिले. त्यानंतर आमच्या घरात फटफटी हा विषय निघाला नाही.

एका कलाकृतीने मला जे दाखवले ते मी जग म्हणून पोराला ऐकवले, आणि तीही कलाकृती मी नीट वाचलेली नव्हती. रूनीची मूळ कथा माझ्या हाती आली ती त्यानंतर दोन वर्षांनी. चष्मा न लावणाऱ्या मुलापाशी आलो तेव्हा पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ गच्चीवर फेऱ्या मारल्या. मुलाशी मात्र काही बोललो नाही.

तेव्हापासून मी या विषयावरचे जे मिळेल ते वाचत आलो, कोणीतरी खिडकीबाहेर येऊन लिहिले असेल या आशेने. हंटर थॉम्पसनचे ‘हेल्स एंजल्स’ वाचले. 1965 च्या 4 जुलैच्या सुट्टीत त्या बदनाम टोळीची वार्षिक स्वारी योसेमिटीजवळच्या बास लेक या रम्य तळ्याकाठी निघाली, तिचे वर्णन हा त्या पुस्तकाचा गाभा आहे. वाचकांतल्या मातापित्यांनी पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवावे, कारण त्यात फार काही अभद्र आहे. पण हा भाग लिहिला आहे बहारीचा. पोलीस वाट अडवून बसलेले, गावकरी सोटे घेऊन तयार, सहलीला आलेली कुटुंबे टोळीला पाहायला गर्दी करताहेत, आणि बिअर आणायची कुठून हा साऱ्या मुक्कामाचा राष्ट्रीय प्रश्न! ज्या दंग्याची सगळे वाट पाहतात तो काही होत नाही. न होणाऱ्या दंग्याचे इतके चुरचुरीत वर्णन मी दुसरे वाचलेले नाही. हॉलिस्टरच्या दंतकथेला त्यातून जे उत्तर मिळते ते दहा निबंधांनी मिळाले नसते. मात्र थॉम्पसन या स्वारीत होता तो मोटारीतून. रस्त्यातल्या रांगेची आतली गोष्ट त्याच्याकडे नाही. आणि वाईटपणाची त्याला थोडी भुरळही पडलेली आहे, ती मला खुपते.

एकटा स्वार हा तर लेखकांचा लाडका. टी. ई. लॉरेन्सने ‘द मिंट’मध्ये आपल्या ब्रफ गाडीची विमानाशी लावलेली शर्यत लिहिली आहे, ती वाचताना छाती भरून येते, पण तिथे दुसरा माणूसच नाही. रॉबर्ट पर्सिगचे 1974 चे प्रसिद्ध पुस्तक, ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’, त्याची निम्मी पाने मला न पटणाऱ्या तत्त्वज्ञानाची आहेत, तरी मी ते मोठे मानतो. मिनेसोटाहून निघताना दोन गाड्या असतात: एकीवर लेखक आणि पाठीमागे त्याचा अकरा वर्षांचा मुलगा, दुसरीवर मित्र आणि त्याची बायको. माँटॅनातल्या बोझमनला पोचल्यावर मित्र परत फिरतात आणि पुस्तक एकदम उंच जाते. याचा अर्थ काय घ्यायचा? सोबत सुटली की साहित्य सुरू होते, असा? दोनच गाड्यांची सोबतसुद्धा लेखकाला पेलत नाही? मला तो दोष वाटतो. पण त्यातच एक गोष्ट पर्सिगने अशी टिपली आहे, की तिच्यासाठी मी त्याला सारे माफ करतो. मागे बसलेल्या पोराला सबंध प्रवासभर दिसते ती बापाची पाठ. शेवटी शेवटी तो पायट्यांवर उभा राहतो, तेव्हा कुठे त्याला बापाच्या खांद्यावरून पुढचे दिसते.

मला हवे होते ते अखेर मिळाले ते शब्दांत नव्हे. डॅनी लायन या छायाचित्रकाराचे ‘द बाइकरायडर्स’ हे पुस्तक 1968 मध्ये निघाले. त्यावरून 2023 मध्ये चित्रपटही झाला. तो ठीक आहे. लायन स्वतः क्लबाचा सभासद होऊन त्यांच्याबरोबर फिरला होता. त्याचे एक छायाचित्र आहे, ओहायो नदीवरच्या पुलावरचे. स्वार वेगात आहे, केस उडताहेत, आणि तो पुढे न बघता मान वळवून मागे बघतो आहे. बस, एवढेच. लॉरेन्सचा स्वार कधी मागे पाहणार नाही. ब्रँडोने पाहिले तर ते कॅमेऱ्यासाठी. हा माणूस मागे पाहतो कारण मागे कोणीतरी आहे. समूहाने जाण्याचा सारा अर्थ मला त्या वळलेल्या मानेत दिसला.

तरीही छायाचित्र ते छायाचित्र. लेखनात हे कोणी केले आहे का, असे कोणी विचारले तर मी अमेरिका सोडून पुण्याला येतो आणि इरावती कर्व्यांचा ‘वाटचाल’ हा लेख काढून पुढे ठेवतो. ‘परिपूर्ति’मध्ये तो आहे. फटफटीचा त्यात संबंध नाही, तो पंढरीच्या वारीवर आहे. (लेखिका मात्र पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून आजही सांगितल्या जातात, हा योगायोग मला सुखावतो.) दिंडीत त्या चालल्या, जेवल्या, गायल्या, दिंडीवर त्यांनी जीव टाकला, आणि तीच दिंडी जेवायच्या वेळी जातीजातींत वेगळी बसते हेही त्यांनी लिहिले. खिडकीतून पाहणाऱ्याला दिंडीचा टाळघोष ऐकू येतो आणि तो एकतर हात जोडतो नाहीतर वाहतूक अडली म्हणून चडफडतो. आतून चालणाऱ्याला पंगत दिसते. मला फटफट्यांची ‘वाटचाल’ हवी आहे, दुसरे काही नको.

ती लिहिणारा मी नव्हे, हे उघड आहे. पण गेल्या वर्षी एक संधी चालून आली. माझी नात, त्याच मुलाची मुलगी, एका क्लबात जाते. तिला बापाने अडवले नाही. पावसाळ्यानंतरची त्यांची सहल पुण्याहून ताम्हिणी घाटाने दिवेआगरला जाणार होती, आणि सामान, हवा भरायचा पंप व औषधाची पेटी घेऊन मागून एक मोटार जायची होती. ती चालवायला माझा मुलगा तयार झाला. “आजोबा, तुम्ही पण चला. पुस्तकात वाचून किती दिवस काढणार?” असे नातीने विचारले. थॉम्पसनप्रमाणे मीही मोटारीतूनच गेलो, याची कबुली आधीच देऊन ठेवतो.

पहाटे साडेपाचला चांदणी चौकात बावीस गाड्या जमल्या. त्यांच्या म्होरक्याने, तो एरवी बँकेत नोकरी करतो, नियम सांगितले. ते मी वहीत उतरवून घेतले, कारण ते मला एखाद्या काव्यशास्त्रासारखे वाटले. सरळ रस्त्यावर दोन तिरप्या रांगा: एक गाडी डावीकडे, पुढची उजवीकडे, तिरकस पुढच्या गाडीपासून एका सेकंदाचे अंतर, नाकासमोरच्या गाडीपासून दोन सेकंदांचे. घाटात एकेरी रांग. पेट्रोलचे थांबे सर्वांत लहान टाकीच्या गाडीवरून ठरायचे. सर्वांत नवखा स्वार म्होरक्याच्या लगेच मागे, म्हणजे त्याच्या वेगाने सगळे जातील. (आमच्या साहित्यसंस्थांत हा नियम कधी पाळला गेल्याचे मला आठवत नाही.) सर्वांत शेवटी सर्वांत अनुभवी माणूस. त्याला ते ‘स्वीप’ म्हणतात, म्हणजे झाडूवाला. आणि मुख्य नियम: प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्याचा दिवा पाहत राहायचे. दिवा दिसेनासा झाला तर वेग कमी करायचा, तरी दिसला नाही तर सुरक्षित जागा बघून थांबायचे.

रांग ही रबरासारखी असते, हे मला मुळशी मागे पडल्यावर कळले. पुढचा जरा वेग वाढवतो, दुसरा अंमळ उशिरा वाढवतो, आणि शेवटच्या माणसाला ते सगळे उशीर भरून काढायला पळावे लागते. माउलींच्या पालखीत रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि मागे त्याहून कितीतरी; तिथेही मागच्यांना कधी धावावे लागते, कधी खोळंबून राहावे लागते. फरक एवढा, की तिथे चोपदाराने चोप उंचावला की लाखो माणसे गप्प होतात. इथे दोन पोरांनी गाड्यांचे सायलेन्सर बदलून कर्णकर्कश केले होते आणि गावे आली की त्यांना चेव येत होता. चहाला थांबलो तिथे टपरीवालीने विचारले, “रेस हाय का वं?” म्होरक्याने त्या दोघांना बाजूला घेऊन झापले. माणगावपर्यंत ती गुपचूप होती. माणगाव सुटल्यावर पुन्हा सुरू.

घाटात सोनकीने उतार पिवळे झाले होते. कातळावरून अजून पाण्याच्या दोऱ्या उतरत होत्या आणि खाली खाचरांत भात कापणीला आले होते. एका वळणाच्या पुढे एका मुलाच्या मागच्या चाकाची हवा गेली. स्वीप थांबला, आम्ही थांबलो. आणि मग मी जे पाहिले त्यासाठी मी कितीतरी पुस्तके धुंडाळली होती. पुढची गाडी समोरच्या वळणावर कडेला थांबली. तिच्या पुढची त्याच्या पुढच्या वळणावर. कोणी हाक मारली नव्हती, फोनला तिथे रेंज नव्हती. एकेकाच्या आरशातून दिवा नाहीसा होत गेला आणि एकेक जण थांबत गेला. घाटाच्या वळणांवर, वरपासून खालपर्यंत, बावीस गाड्या थांबल्या आणि बावीस माना मागे वळल्या. नात कुठल्या वळणावर होती ते मला चष्मा पुसूनही नीट दिसले नाही.

माझा मुलगा मोटारीतून उतरला होता. पंक्चरवाल्या मुलाला काही सुधरत नव्हते; याने बाह्या वर केल्या, उकिडवा बसला आणि कामाला लागला. सत्तावीस वर्षांत मी त्याच्या हातांत संगणकाशिवाय काही पाहिले नव्हते. “काका, तुम्ही चालवायचात का?” त्या मुलाने विचारले. “थोडे दिवस,” तो म्हणाला. मी दरीकडे बघत राहिलो.

दिवेआगरला जेवणे झाली. उकडीचे मोदक होते, सोलकढी होती, सुरूच्या बनापलीकडे समुद्र होता. मोटारसायकलवर बसून आलेल्या माणसाला जेवताना जी भूक असते तिचे वर्णन कोणीतरी एकदा केले पाहिजे. पण माझ्या डोळ्यांना दिसायचे ते दिसलेच. तीन-तीन लाखांच्या गाड्यांवरून आलेले एका लांब टेबलाशी, आणि दीडशे सीसीच्या रोजच्या ऑफिसच्या गाड्या घेऊन आलेले व्हरांड्यातल्या दुसऱ्या टेबलाशी. कोणी बसवले नव्हते. आपोआप तसे बसले गेले. घाटात एकमेकांसाठी थांबलेली हीच माणसे. मी नातीला ते हळूच दाखवले. “काहीतरीच काय आजोबा, तिकडे पंखा आहे,” ती म्हणाली. संध्याकाळी मात्र ती व्हरांड्यातल्या टेबलाशी जाऊन बसलेली दिसली.

परत आल्यावर क्लबाच्या छोट्या पुस्तिकेसाठी तिने या सहलीचा वृत्तांत लिहिला आणि मला तपासायला दिला. निसर्गवर्णन नेहमीचे होते, आम्ही गेलो, आम्ही आलो असेही बरेच होते. शुद्धलेखन सांगण्याजोगे नाही. पण सायलेन्सरवाल्या पोरांबद्दल तिने सरळ लिहिले होते, नावे न घेता, आणि दोन टेबलांबद्दलही एक परिच्छेद होता, पंख्यासकट. तो परिच्छेद काढावा असे क्लबातल्या काहींचे म्हणणे पडले. मी ठेवावा म्हणालो. तिने ठेवला. या वर्षी तिला रांगेत नेमके कुठे उभे करतात ते बघायचे.

यंदाची सहल दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. मुलगा गेले दोन महिने एक जुनी येझदी शोधतो आहे. 2022 पासून त्या नावाच्या नव्या गाड्या पुन्हा निघाल्या आहेत, पण त्याला ती जुनीच हवी, एका दांड्याची. साताऱ्याला एकाकडे मिळते आहे. मालक सांगतो ती किंमत ऐकून आमच्या घरात सगळे गप्प झाले. निम्मे पैसे मी देतो, असे मी त्याला म्हटले आहे. त्याने अजून उत्तर दिलेले नाही.